टाचेचे दुखणे आणि सोरायसिस
सोरायसिस हा जुनाट त्वचाविकार शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा शरीरावरच उलटल्याने जडतो. स्पर्शाने तो पसरत नाही. काही रुग्णांत हाच दाह, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा जेथे हाडात रुजते, तेथे पोहोचतो. टाचेमागील कंडरेस त्याची झळ विशेष लागते. सकाळी उठताच पाऊल टेकवत नाही. श्रमाचा वा वहाणेचा दोष समजून हे दुखणे अंगावर काढल्यास सांध्यांची कायमची हानी होऊ शकते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके व पोटात घ्यावयाची स्टिरॉइडे कंडरा तुटण्याचा धोका वाढवितात. म्हणून टाचदुखीसाठी दवाखान्यात जाणाऱ्याने कातडीवरील चट्टेही डॉक्टरांना अवश्य दाखवावेत. ते लपविण्याची पाळी रुग्णावर येऊ नये, हे पाहणे शिक्षक व पंचायत सदस्यांच्या हाती आहे.