समुद्रात रेषा कुठे ओढावी?

वाघासाठी अभयारण्य करावयाचे झाले, तर काय करावे लागते याची आपल्याला साधारण कल्पना असते. जंगलाचा सलग भाग निवडायचा, शिकार बंद करायची आणि पहारा बसवायचा. वाघीण तिथेच विते, बछडे तिथेच वाढतात. समुद्रात मात्र ही रीत अपुरी पडते.

ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळखडकांवर राहणारा कोरल ट्राऊट हा मासा घ्या. आपल्या कोकणातील हेकरूच्या कुळातलाच हा. मोठा झालेला मासा सहसा आपला खडक सोडून फार दूर जात नाही. पण त्याची अंडी पाण्यात मोकळी सुटतात. त्यांतून निघालेले डिंभ, म्हणजे अगदी बाल्यावस्थेतील मासे, तीन-चार आठवडे प्रवाहाबरोबर भटकतात आणि मग एखाद्या खडकावर वस्ती करतात. तो खडक जन्मस्थानापासून दोन किलोमीटरवर असेल, नाही तर कितीतरी दूर. मग एका खडकाभोवती मासेमारी बंद केली, तरी तेथे जन्मलेली पिले जाणार कुठे, आणि तेथे नवी पिले येणार कोठून?

म्हणूनच समुद्रात एकेकटी जागा राखून भागत नाही. अनेक जागांचे मिळून एक जाळे आखावे लागते. हे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफमध्ये.

ही प्रवाळरांग क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगत सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेली आहे. १९७५ साली कायदा करून तेथे सागरी उद्यान करण्यात आले. आज त्याचे क्षेत्रफळ ३,४४,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून मोठे आहे. पण नाव उद्यानाचे असले, तरी बहुतेक भागात मासेमारी चालूच होती. २००४ पूर्वी पूर्ण बंदी असलेला भाग ५ टक्क्यांहूनही कमी होता आणि त्यातही भर होता तो प्रवाळखडकांवर. गंमत अशी, की उद्यानाच्या एकूण क्षेत्रात प्रवाळखडक अवघे ७ टक्क्यांच्या आसपास आहेत! बाकीच्या भागात समुद्रगायी जेथे चरतात ती समुद्रगवताची कुरणे आहेत, स्पंजांच्या वसाहती आहेत, वाळूचे आणि चिखलाचे तळ आहेत. छायाचित्रात जे सुंदर दिसते ते राखले गेले होते. ट्रॉलरची जाळी ज्या तळावरून फरफटत होती, त्याला मात्र फारसा कोणी वाली नव्हता.

नवी आखणी करताना शास्त्रज्ञांनी प्रथम सारे उद्यान ७० नैसर्गिक विभागांत वाटले. त्यांपैकी ३० प्रवाळखडकांचे आणि ४० इतर प्रकारचे होते. मग नियम ठरले. प्रत्येक विभागाचा निदान २० टक्के भाग राखीव हवा. राखीव जागा शक्यतो सर्वांत अरुंद बाजूलाही २० किलोमीटर असावी, म्हणजे आतील मासा जरा फिरला की बाहेर पडला असे होणार नाही. खडक घ्यायचा तर पूर्ण घ्यावा, अर्धा नको. आणि एका विभागात एकच जागा न ठेवता शक्य तेथे तीन-चार ठेवाव्यात. एकीवर वादळ कोसळले, तर दुसरीतून डिंभ येऊन ती पुन्हा भरू शकते. (२०१६ पासून पाणी तापून प्रवाळ पांढरे पडण्याचे प्रसंग तेथे वारंवार आले आहेत. तापलेले पाणी नकाशावरची रेषा पाहून थांबत नाही. या दुखण्यावर अशी जाळी हा पुरता उपाय नव्हे.)

नियम झाले, पण जागा निवडायच्या कशा? कागदावर २० चौकोन काढा आणि त्यांतले ५ निवडा. किती प्रकारे निवडता येतील? १५,५०४ प्रकारे. ४० चौकोनांतून १० निवडायचे म्हटले, तर हा आकडा ८४ कोटींच्या वर जातो. उद्यानाचे तर हजारो तुकडे पाडले होते. येथे इयान बॉल आणि ह्यू पॉसिंगहॅम यांनी तयार केलेला मार्क्सन हा संगणक-कार्यक्रम उपयोगी पडला. तो प्रत्येक निवडीला गुण देतो. मच्छीमारांचे नुकसान जास्त, तर दंड. एखादा विभाग २० टक्क्यांना पोहोचला नाही, तर दंड. आणि विखुरलेल्या तुकड्यांमुळे सीमेची लांबी वाढली, तरीही दंड. कारण लांब, वेडीवाकडी सीमा राखायला कठीण आणि होडीवाल्याला ओळखायलाही कठीण. मग एकेक तुकडा आत-बाहेर करीत संगणक कमी दंडाची मांडणी शोधतो. नियम पाळणाऱ्या मांडण्या अनेक निघतात, आणि त्यांतच खरा उपयोग आहे. एखाद्या गावाची नेहमीची मासेमारीची जागा वगळून तेवढेच काम दुसरीकडे भागते का, हे पाहता येते.

तरी अखेरच्या रेषा संगणकाने ओढल्या नाहीत. आराखड्यावर लोकांकडून ३१ हजारांहून अधिक निवेदने आली आणि त्यांनुसार पुष्कळ रेषा सरकवल्या गेल्या. १ जुलै २००४ रोजी उद्यानाचा सुमारे ३३ टक्के भाग मासेमारीला बंद झाला. नकाशावर हे भाग हिरवे दाखवतात. तेथे होडी नेता येते, पोहता येते, पण गळ टाकता येत नाही. मच्छीमार अर्थातच संतापले. सरकारला द्यावी लागलेली भरपाई मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाली, यावरून त्यांचे नुकसान आधी नीट मोजले गेले नव्हते असेच म्हणावे लागते.

आता पुन्हा त्या भटक्या डिंभांकडे वळू. दक्षिणेकडील केपल बेटांजवळ शास्त्रज्ञांनी हिरव्या भागांतील मोठ्या माशांचे आणि आसपासच्या खडकांवरील पिलांचे डीएनए तपासले. माणसाच्या मुलाचे आईबाप जसे तपासणीतून ओळखता येतात, तसेच त्यांनी या पिलांचे ओळखले. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथील खडकांपैकी २८ टक्केच राखीव होते. पण ३० किलोमीटरच्या टापूत वस्तीला आलेल्या पिलांपैकी जवळजवळ निम्मी त्या राखीव खडकांवरच्या माशांची होती. राखीव जागेतील मासे संख्येने जास्त आणि अंगानेही मोठे असतात, आणि मोठी मादी कितीतरी जास्त अंडी घालते. यांतली पुष्कळ पिले वाहत जाऊन, जेथे मासेमारी चालू होती त्याच खडकांवर उतरली होती.