बुळकांडी गेली, धाकटी मागे राहिली

२५ मे उजाडला की गुरांच्या दवाखान्यांत उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाचे चित्त अभिमानाने आणि विषादाने एकदमच भरून येते. कारण २०११ साली याच दिवशी जागतिक पशुआरोग्य संघटनेने पॅरिस येथे गुरांची बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचा ठराव केला, आणि देवीनंतर मनुष्याने समूळ उच्छेदलेला तो दुसरा रोग ठरला.

पूर्वेतिहास थोडक्यात आटोपतो. १८८९ साली पुण्यात निघालेली प्रयोगशाळा पुढे हिमालयातील मुक्तेश्वरास हलली. तेथे एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांत वाढवून लस सिद्ध केली. १९५४ पासून देशभर टोचणीची मोहीम चालली, तरी रोग हटला नाही.

मन रेंगाळते ते १९८५ ते १९९५ या दशकात. बुळकांडीचा विषाणू, म्हणजे गोवराच्या विषाणूचा हा सख्खा आप्त, जनावराच्या तोंडात प्रथम खूण उमटवी: ओठ उलटून पाहावा तो हिरड्यांवर कोंडा विखुरल्यासारखे पांढुरके चट्टे, डोळ्यांतून धारा, आणि मग ती दुर्गंधीची हगवण, जिने दावणीच्या दावणी ओस पडत. कालवलेली लस उन्हात लवकर निकामी होई, म्हणून बर्फाच्या थर्मासासह सायकलीवरून आम्ही वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. कचेरीतून मात्र विचारणा होई ती टोचलेल्या जनावरांच्या आकड्याची. रोग कोठे उरला आहे, हे कोणी पुसत नसे. त्या आकडेपूजेने आमची वर्षे वाया घालवली, हे मी तेव्हा अहवालात लिहिले होते आणि आजही तेच म्हणतो. १९९२ च्या नव्या कार्यक्रमात गावोगाव आणि गुरांच्या वाटांवर रोगाचा तपास सुरू झाला, तेव्हा कोठे पारडे फिरले. १९९५ नंतर बुळकांडी भारतात पुन्हा दिसली नाही.

पण त्याच दशकात, १९८७ मध्ये, तमिळनाडूत शेळ्यामेंढ्यांमध्ये तिची धाकटी बहीण ओळखू आली. तिला आज पीपीआर म्हणतात, आणि ती पुढे महाराष्ट्रातही पसरली. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वस्तीवरील एका विधवेच्या अकरा शेळ्यांपैकी आठ तिने नेल्या. एकाच टोचणीने वर्षानुवर्षे रक्षण करणारी लस आपल्याच मुक्तेश्वरात तयार झालेली आहे. मागणीपत्रही वेळेत गेले होते. लस आली ती मात्र शेळ्या पुरल्यानंतर. गाय-बैलासाठी झिजलेली यंत्रणा गरिबाच्या शेळीसाठी हलत नाही, ही माझ्या खात्याची लाजिरवाणी गोष्ट आहे.

हा रोगही २०३० पर्यंत जगातून संपवण्याचा संकल्प झालेला आहे. म्हणून शेळीपालकांस कळकळीची विनंती: चार महिन्यांवरील प्रत्येक करडू टोचून घ्या, आणि नाकाडोळ्यांतून पाणी गाळणारी, हगवण लागलेली शेळी दिसताच त्याच दिवशी दवाखान्यात वर्दी द्या.