सगळ्याच खुर्च्या बी-१७च्या

आपल्याकडे डोंगरात कोरलेलं लेणं दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत खोदलेलं असतं. अमेरिकेत जुन्या मोटारीत विमानाची ॲल्युमिनियमची खुर्ची दिसली की ती दुसऱ्या महायुद्धातल्या बी-१७ बॉम्बरची असते. सांगणाऱ्याच्या मनात कपट असतंच असं नाही. त्याला एकच मोठं नाव ठाऊक असतं आणि दिसेल त्याला तो ते चिकटवतो.

हॉट रॉड म्हणजे जुन्या फोर्डचे मडगार्ड, टप, पुढची काच असं जे जे नको ते उतरवून, इंजिनाचा जोर वाढवून तयार केलेली वेगाची गाडी. तिच्यात 'बॉम्बर सीट' बसवण्याची चाल आता ऐंशी वर्षांच्या घरात आली. खुर्च्या आधी आल्या, त्यांची नावं शोधणारे फार नंतर.

या प्रकरणाची सुरुवात विमानांच्याही आधीची आहे. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात तलाव आटून राहिलेली सपाट, कडक मैदानं आहेत. त्यातल्या म्युरॉकवर १९३०च्या दशकात पोरं गाड्या पळवायची. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. मग युद्ध आलं, म्युरॉक लष्करी विमानतळाकडे गेलं आणि गाडीवाल्यांना तिथून उठावं लागलं. याच म्युरॉकवरून ऑक्टोबर १९४७मध्ये वैमानिक चक येगरने आवाजाचा वेग ओलांडला. आजचा एडवर्ड्स हवाई तळ तो हाच. विमानांनी पोरांची जागा घेतली, आणि युद्ध संपल्यावर पोरांनी एल मिराजच्या मैदानावर ज्या गाड्या आणल्या त्यांत बसायला विमानांचीच खुर्ची होती. मला तरी या व्यवहारात फिटंफाट झाल्यासारखी वाटते.

युद्धकाळात अमेरिकेने तीन लाखांच्या आसपास विमानं बांधली होती. १९४५ संपता संपता त्यातली हजारो कुणालाच नको होती. आपल्याकडे त्या काळात 'डिस्पोजलचा माल' हा शब्द घरोघरी झाला. जीप, तंबू, बूट, पाण्याच्या बाटल्या सगळं डिस्पोजलमधून यायचं. तिकडचं डिस्पोजल विमानांचं होतं. ॲरिझोनातल्या किंगमनच्या माळावर सुमारे साडेपाच हजार विमानं रांगेत उभी होती. १९४६मध्ये ती जवळजवळ सगळी मार्टिन वुंडरलिख या ठेकेदाराने सुमारे २८ लाख डॉलरना उचलली, कापली आणि भट्टीत वितळवून ॲल्युमिनियमच्या विटा पाडल्या. सिनेमात विमानं उडवणाऱ्या पॉल मांट्झने ओक्लाहोमात ४७५ विमानं ५५,००० डॉलरना घेतली. टाक्यांतलं उरलेलं पेट्रोल विकूनच त्याची बरीच रक्कम वसूल झाली, असं सांगतात. विमानाची ही किंमत, तर त्यातल्या खुर्चीला कोण विचारतो? ती उपकरणं, नळ्या, बोल्ट यांच्याबरोबर लॉस एंजेलिसच्या भंगारवाल्यांकडे आली.

तिथे ती हॉट रॉडवाल्याला नेमकी हवी तशी सापडली. १९३२च्या फोर्डचं बाकडं जड आणि दोघांचं. त्यावर चालकाला कडेला धरून ठेवणारं काही नाही. मैदानावर गाडी घसरली की माणूसही घसरायचा. विमानाची खुर्ची हलकी, एकट्याची, दोन्ही बाजूंनी कंबर धरणारी. पट्टाही त्याच दुकानात मिळायचा. मोटारींत सुरक्षापट्टा ही कारखान्यांची कल्पना व्हायच्या आधी या पोरांनी लष्करी पट्टे कमरेला आवळले होते.

विमानाच्या सामानाचा त्यांना संकोचच नव्हता. तटरक्षक दलात असताना बिल बर्कने दक्षिण पॅसिफिकमध्ये लढाऊ विमानांच्या पोटाखालच्या जादा इंधनटाक्या पाहिल्या होत्या. १९४६मध्ये त्याने तसल्या टाकीचीच गाडी केली, पुढे पी-३८ या लढाऊ विमानाची मोठी टाकी घेतली. हवाई दलातून सुटल्या सुटल्या अ‍ॅलेक्स झिडियसने १९४६च्या मार्चमध्ये सो-कॅल स्पीड शॉप उघडलं. त्याच्या टाकीगाडीने १९५२ साली बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १९८ मैलांचा वेग गाठला. या मंडळींपैकी कुणी खुर्चीवरचा नंबर टिपून ठेवला असेल, ही अपेक्षाच चूक. त्यांच्या लेखी ती बसायची वस्तू होती, ऐतिहासिक ठेवा नव्हे.

१९५०च्या दशकात चव बदलली. रस्त्यावर मिरवायच्या गाड्यांना शिवणीच्या रेघांची चकचकीत रेक्झिनची गादी आली. उघडा पत्रा गरिबीचं लक्षण ठरला. काही खुर्च्या गादीखाली गेल्या, काही गॅरेजमध्ये स्टूल झाल्या. पुढची तीन दशकं त्यांच्याविषयी सांगण्यासारखं फारसं नाही. १९९०च्या आसपास जुन्या पद्धतीच्या हॉट रॉडचं वेड परतलं, तेव्हा तोच उघडा पत्रा अस्सलपणाची खूण झाला. शोध सुरू झाला तो इथून. त्याच सुमारास जुनी लढाऊ विमानं पुन्हा उडवणारेही याच खुर्च्या धुंडाळत होते. मागणी दोन्हीकडून वाढली आणि भंगाराला भाव आला. भाव आला की वंशावळ लागतेच.

खुर्ची ओळखायची ती आधी बसूनच. बूड खूप खोल लागलं, नजर डॅशबोर्डच्या खाली गेली, तर ती बहुधा वैमानिकाची. तो पॅराशूटची घडी बुडाखाली घेऊन बसायचा आणि ती घडी मावावी म्हणून खुर्चीचं बूड घमेल्यासारखं खोल ठेवलेलं असे. हॉट रॉडमध्ये पॅराशूट नाही, त्यामुळे चालक आत रुततो. टप कापून बुटक्या केलेल्या गाडीत ते सोयीचंच पडतं. बूड उथळ किंवा सपाट असेल तर ती दुसऱ्या कुणा कर्मचाऱ्याची असू शकते; त्याचं पॅराशूट छातीला अडकवायचं असे. बाजूला दुमडणारे हात दिसले तर बॉम्बर किंवा मालवाहू विमानाकडे संशय न्यावा. लढाऊ विमानाच्या अरुंद कॉकपिटमध्ये हात टेकायची चैन नव्हती. मागे उंच रूळ आणि डोक्याला टेकू असेल तर ती जेट युगातली, वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची. ब्रिटिश स्पिटफायरची पुष्कळदा पाहताक्षणी कळते, कारण तिचा बराच काळ वापरलेला प्रकार धातूचा नाहीच. राळेत भिजवलेल्या कागदाचे थर दाबून केलेली ती तांबूस तपकिरी खुर्ची आहे.

मग पत्र्याकडे वळायचं. आतल्या बाजूला पुसट शाईत '२४एस-टी' असा शिक्का सापडला तर हरखायला हरकत नाही. १९५४मध्ये ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना चार आकडी क्रमांक मिळाले आणि २४एसचा २०२४ झाला. म्हणजे हा शिक्का त्याआधीचा. रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळी दिसली तर ती विमानाच्या कामाची. हार्डवेअरच्या दुकानातले पोकळ पॉप रिव्हेट दिसले तर निदान तेवढा भाग तरी नंतरचा. रंगाच्या थरांखाली पिवळसर हिरवट झिंक क्रोमेटचा प्रायमर निघावा. मात्र तो कोरड्या सँडपेपरने घासू नये. हे क्रोमेट कर्करोगाला निमंत्रण देतं.

आणि ती सुप्रसिद्ध भोकं. काठ वळवलेली भोकं वजन घटवतात आणि वळलेला काठ पत्र्याला ताठपणा देतो, म्हणून ती शोभेची नव्हेत. हल्ली नव्याने घडवलेल्या 'बॉम्बर सीट'वर मात्र ती चाळणीसारखी सर्वत्र असतात. माझा हिशेब साधा आहे: भोकं जितकी जास्त, विश्वास तितका कमी.

सगळ्यात मोठा चकवा नंबरचा. नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या भागांवर सुरुवातीचा आकडा त्या रचनेचा असतो: ७३ म्हणजे पहिली मस्टँग हे लढाऊ विमान, ६२ म्हणजे बी-२५ हे बॉम्बर, ८८ म्हणजे टेक्सन हे शिकाऊ विमान. ७३ने सुरू होणारा भाग हाती आला की माणूस तो १९४०-४१च्या मस्टँगचा म्हणून नाचतो. पण चाललेला भाग कंपनी कशाला बदलेल? तोच नंबर १९४४च्या मस्टँगमध्येही बसत होता. भागाचा आराखडा पहिल्यांदा कोणत्या विमानासाठी काढला ते नंबर सांगतो. तो पत्रा प्रत्यक्ष कोणत्या विमानात उडाला, याबद्दल तो गप्प असतो. शिवाय खुर्च्या बहुतेकदा बाहेरच्या पुरवठादारांच्या. एकाच जातीच्या मस्टँगमध्ये शिक-जॉन्सनचीही खुर्ची सापडते आणि वॉरन मॅकार्थरचीही. हा मॅकार्थर मुळात ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या देखण्या फर्निचरसाठी नावाजलेला. फिनिक्सच्या ॲरिझोना बिल्टमोर हॉटेलसाठी त्याने फर्निचर केलं होतं. युद्धात त्याची कंपनी विमानांच्या खुर्च्या करू लागली. त्याची पाटी असलेली खुर्ची 'बी-१७ची' म्हणून विकणाऱ्याला मी एवढंच विचारेन: पाटी कारखान्याची आहे, विमानाचं नाव कुठून आणलंत?

म्हणून 'चाळिशीच्या दशकातली अमेरिकी खुर्ची, बहुधा बॉम्बरच्या वैमानिकाची' एवढ्यावर थांबणारा माणूस मला जाणकार वाटतो. त्याच्या खुर्चीला भाव थोडा कमी येत असेल.

खुर्ची आणि तिचं विमान एकत्र पाहायचं असेल तर टुसॉनच्या पिमा संग्रहालयात बी-२४ लिबरेटर हे बॉम्बर विमान उभं आहे. किंगमन ज्या राज्यात, त्याच राज्यात. किंगमनला रांगेने उभी असलेली लिबरेटर वितळली, हे विमान मात्र बचावलं. कारण ते कानपुरात होतं. युद्धानंतर ब्रिटिशांनी तिथली लिबरेटर मोडतोड करून टाकून दिली होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यातली चाळीसएक उडती केली. भारतीय हवाई दलाने ती १९६८पर्यंत वापरली, आणि पुढच्याच वर्षी हे एक विमान भारतातून उडत उडत ॲरिझोनाला गेलं.