फाशीच्या दोराची नोट

जानेवारी १८१९. लंडनच्या लडगेट हिलवरील एका दुकानासमोर माणसांची रीघ लागली होती. काचेमागे लावलेली नोट लांबून बँक ऑफ इंग्लंडचीच वाटे. जवळ गेल्यावर मात्र ओळीने फासावर लटकलेले स्त्री-पुरुष दिसत. पौंडाची खूण दोराच्या वेटोळ्याची होती, शिक्क्यातली ब्रिटानिया स्वतःचीच लेकरे गिळत होती आणि सही होती जॅक केचची. जल्लादाला तिथे याच नावाने ओळखत. चित्रकार होता जॉर्ज क्रुकशँक, प्रकाशक विल्यम होन.

फ्रान्सविरुद्धच्या युद्धकाळात, १७९७ मध्ये, बँकेने नोटेच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि एक-दोन पौंडांच्या नोटा काढल्या. आजवर नाणीच हाताळलेल्या गरिबांकडे आता कागदी पैसा आला. त्याची छपाई इतकी साधी होती की नक्कल सहज जमे. निरक्षर माणसाला खरे-खोटे कळणार तरी कसे? पण खोटी नोट जाणूनबुजून खपवल्याचे सिद्ध झाले, की शिक्षा फाशीची. न्यूगेट तुरुंगासमोर या गुन्ह्यासाठी लटकवलेल्या बायका पाहून आपण हे चित्र काढले, असे क्रुकशँकने पुढे सांगितले.

राजकीय व्यंगचित्रे लंडनला नवी नव्हती. पंतप्रधान पिट आणि नेपोलियन पृथ्वीचे पुडिंग कापून घेत आहेत, हे जेम्स गिलरेचे चित्र १८०५ चे. पण तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली, हाताने रंगवलेली अशी चित्रे महाग असत. सामान्यांनी ती दुकानाच्या काचेतूनच पाहायची. होनने लाकडी ठसे मजकुराच्या खिळ्यांबरोबरच छापले आणि चित्रमय पुस्तिका एका शिलिंगात दिली. मँचेस्टरमधल्या सभेवर घोडदळ घातले गेले, त्या पीटर्लूच्या हत्याकांडानंतर निघालेल्या त्याच्या पुस्तिकेच्या सुमारे एक लाख प्रती खपल्या. सरकारने त्याला त्याआधीच, १८१७ मध्ये, सलग तीन दिवस तीन खटल्यांत उभे केले होते. तिन्ही वेळा ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले.

नोटांच्या खटल्यांतही लंडनच्या ज्युरी १८१८ अखेरीस आरोपींना सोडू लागल्या होत्या. लोकांच्या मनात साचलेल्या त्या संतापाला क्रुकशँकने रूप दिले. एकट्या चित्राने कायदा बदलला नाही. पण खिशातल्या नोटेची किंमत माणसांच्या जिवात मोजायला त्याने लंडनकरांना भाग पाडले. बँकेने १८२१ मध्ये पुन्हा सोने द्यायला सुरुवात केली आणि खोट्या नोटांसाठीची फाशी १८३२ मध्ये रद्द झाली.