झोप न येणे आणि झोप न मिळणे



या विषयावर वास्तविक एखाद्या डॉक्टरांनी बोलावयास हवे. मी यंत्रमाग कामगारांत वावरणारा मनुष्य. शाळा सातवीपर्यंत, पुढचे सारे नगर वाचनालयाच्या कृपेने. तथापि बारा वर्षे मी स्वतः मागावर काढली आहेत. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, आणि पाळी बारा तासांची. तेव्हा जागरणाची माहिती मला केवळ पुस्तकातून झालेली नाही.

प्रथम एक घोटाळा दूर करू. अंथरूण आहे, अंधार आहे, वेळही आहे, परंतु डोळा लागत नाही, हा निद्रानाश. आठवड्यातून निदान तीन रात्री, असे तीन महिने चालले म्हणजे डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. त्यावर गोळ्यांआधी सवयी आणि विचार पालटणारा उपचार करावा, असे अमेरिकेतील वैद्यांच्या मोठ्या संस्थेने २०१६ साली सांगितले. दुसरा मनुष्य पाठ टेकताच घोरू लागेल, पण त्याला पाठ टेकावयास सवडच नाही. त्यालाही आपण गरम दूध प्यावयास सांगतो!

प्रौढ माणसास निदान सात तास झोप हवी. झोपेत रक्तदाब दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. ती विश्रांती हुकली की भार हृदयावर पडतो. १९९९ साली शिकागोच्या संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिले. तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर आवरण्याची शक्ती मंदावली. थोडे झोपणाऱ्यांत मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार अधिक आढळतात. अर्थात आजारी माणूसही कमी झोपतो आणि गरीबही, म्हणून सारा दोष झोपेवर ढकलणे बरोबर नव्हे.

कोणी म्हणेल, सवय होते. येथेच मोठा धोका आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही माणसांना चौदा रात्री सहा-सहा तासच झोप दिली. अखेरीस त्यांचे अवधान एकदोन रात्री अजिबात न झोपलेल्याइतके ढासळले, आणि त्यांना स्वतःला ते फारसे जाणवलेच नाही. सकाळी सहाला उठलेला मनुष्य रात्री अकराला कामावर असेल, तर त्याचे हात आणि डोळे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असल्यासारखे चालतात. मोटार हाकणाऱ्यास आपला कायदा ३० मिलिग्रॅमच मुभा देतो. पिऊन आलेल्याला फाटकावर अडवतात. सतरा तास जागलेल्याला जादा पाळी देतात.

रातपाळीचा माणूस दिवसा झोपतो ना? झोपतो, पण एकदोन तास कमीच. शरीरातील पेशींचे घड्याळ उजेडावर लागलेले असते. त्याची घडण उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बाहेर लख्ख ऊन, शेजारी मागांचा खडखडाट, आणि घड्याळ सांगते जागा राहा! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने असे पाळीकाम २००७ साली आणि रातपाळी २०१९ साली, 'बहुधा कर्करोगास कारण' या वर्गात घातली आहे.

१९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. रातपाळीच्या कामगाराची सुट्टी पाळी संपल्यापासून पुढे चोवीस तास मोजावी, इतका बारकावा त्यात होता. पण एकच कारखाना कागदावर तीन नावांनी लहान करून दाखवला की कायदा उंबऱ्याबाहेर राही.

माझा एक जोडीदार सलग दुसरी पाळी करीत होता. पहाटे चारच्या सुमारास त्याचा हात पट्ट्यात गेला आणि दोन बोटे गेली. रजिस्टरात 'कामगाराचा निष्काळजीपणा' अशी नोंद झाली. खरे सांगतो, तेव्हा आम्हालाही तसेच वाटले. तो किती तास जागा होता हे लिहावयास त्या रजिस्टरात जागाच नव्हती. आता आम्ही अपघातांच्या नोंदीसाठी आमचा तक्ता केला आहे. त्यात नावानंतरचा पहिला रकाना तोच ठेवला आहे.