अर्धशक्ती आणि भ्रमणध्वनीतील व्यायामनोंद

व्यायामाची मात्रा कशी सांगावी, हा वैद्यापुढील जुनाच प्रश्न आहे. वाग्भटांनी सूत्रस्थानात बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीस शीतकाळी आणि वसंतात अर्धशक्तीने, इतर ऋतूंत मंदच व्यायाम सांगितला. परंतु रुग्णास विचारावे, तर ‘रोज थोडे धावतो’ यापलीकडे उत्तर मिळत नसे. आता तोच रुग्ण भ्रमणध्वनी पुढे करून अंतर, वेळ, चढ व हृद्गती दाखवितो.

अशी नोंद ठेवणारी अ‍ॅप्स पुष्कळ आहेत. आमचा कल मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांची घडण कोणासही उघडून वाचता येते अशा अ‍ॅप्सकडे आहे. ओपनट्रॅक्स हे त्यांपैकी एक. गूगलने २००९ साली आणलेले माय ट्रॅक्स २०१६ साली बंद केले. मात्र त्याची संहिता खुली असल्याने इतरांनी ती पुढे चालविली व त्यातून ओपनट्रॅक्स उभे राहिले. मूळ तंत्रास प्रतिसंस्कर्ता लाभला, असेच आपल्या परिभाषेत म्हणावे लागेल. हे अ‍ॅप विनामूल्य असून इंटरनेटची परवानगीच मागत नाही. नोंद भ्रमणध्वनीतच राहते. ते केवळ अँड्रॉइडवर चालते, आणि नकाशा पाहावयाचा तर दुसरे अ‍ॅप जोडावे लागते. फोन हरवल्यास नोंदही जाते, म्हणून फाइल अधूनमधून अन्यत्र उतरवून ठेवावी.

एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. स्ट्राव्हा या लोकप्रिय सेवेने नोव्हेंबर २०१७ मध्ये धावपटूंच्या मार्गांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यावरून लष्करी तळांचे ठावठिकाणे उघड होत असल्याचे दिसून आले. जेथे लष्करी तळ लपले नाहीत, तेथे आपल्या रुग्णाचे घर व पहाटे बाहेर पडण्याची वेळ लपेल काय? औषधालयचालकांनी ग्राहकांच्या अशा फाइली संग्रही ठेवण्याच्या मोहात पडू नये.

आकड्यांनाही मर्यादा आहेत. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णाची हृद्गती श्रमाच्या मानाने कमीच वाढते. ललाट, नासिका, कक्षा व संधींवर येणारा स्वेद आणि मुखशोष ही अर्धशक्तीची लक्षणे तर कोणतेही यंत्र टिपत नाही. ओपनट्रॅक्समध्ये प्रत्येक नोंदीस टिपण जोडता येते. तेथे रुग्णाने ही लक्षणे स्वतः लिहावीत, असे आम्ही सुचवितो.

या नोंदींचा खरा उपयोग ऋतुविचारात आहे. २००४ साली सुरू झालेली मुंबईची मॅरेथॉन आता जानेवारीत भरते. शर्यतीचा दिवस हेमंत-शिशिरातला, योग्यच. पण तिची तयारी अनेकजण वर्षाऋतूतच आरंभतात, आणि बल क्षीण असताना, शास्त्राने मंद व्यायाम सांगितलेल्या काळात, अंतर आठवड्यागणिक वाढत जाते. तृष्णा, क्लम, कास वा ज्वर घेऊन असा धावणारा आला, तर औषधयोजनेपूर्वी मागील चार आठवड्यांची नोंद त्याच्याच फोनवर पाहावी, अंतर कोठे वाढले ते त्यास दाखवावे, आणि शरद संपेपर्यंतचे प्रमाण तेथेच ठरवून द्यावे.