उशिरा आला म्हणून दुय्यम?

आइस हॉकीवरचा वाद कुठूनही सुरू झाला तरी "पर गेम किती पॉइंट, ते सांगा" या वाक्यापाशी येऊन थांबतो. कॅनडातल्या मराठी मंडळींतही हे वाद आता चांगले रंगतात. ज्यांची मुलं अंधारात उठून रिंकवर जातात, त्या आईबापांना एनएचएल या व्यावसायिक लीगचे आकडे तोंडपाठ असतात. त्याचं कौतुकच आहे. तक्रार आहे ती या आकड्यांवरून काढल्या जाणाऱ्या एका निष्कर्षाबद्दल. तो मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे: जे खेळाडू उशिरा चमकले ते चांगले खरे, पण अव्वल नव्हेत. अव्वल असते तर अठराव्या वर्षीच ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल संघांकडून होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, उचलले गेले असते, आणि कारकिर्दीची सरासरी काय ते सांगतेच. पुरावा म्हणून नाव हमखास एकच येतं, मार्टिन सेंट लुई. सामने १,१३४, पॉइंट १,०३३, सरासरी ०.९१. त्याच्या शेजारी वेन ग्रेट्झ्की १.९२, मारिओ लेम्यू १.८८, माइक बॉसी १.५० असे आकडे मांडले की बोलणाऱ्याच्या लेखी विषय संपतो.

आकडे खरे आहेत. निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे एकदा नीट मांडायला हवं.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी आधी हिशेबाची रीत. गोल करणाऱ्याला एक पॉइंट, आणि त्याआधी पक पुढे देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना असिस्टचा एकेक पॉइंट. एकूण पॉइंटना सामन्यांच्या संख्येने भागलं की सरासरी मिळते. या भागाकारात सामने धरले जातात, मिनिटं धरली जात नाहीत. संघात फॉरवर्डच्या चार लाइन असतात आणि त्या आळीपाळीने, एका वेळी पाऊण-एक मिनिटासाठी, बर्फावर उतरतात. पहिल्या लाइनीतला खेळाडू साठ मिनिटांच्या सामन्यात वीसेक मिनिटं खेळतो. समोरच्या संघाचा माणूस शिक्षा भोगत बाहेर बसला की पॉवर प्ले सुरू होतो, तेव्हाही प्रशिक्षक त्यालाच पाठवतो. चौथ्या लाइनीतल्याला जेमतेम आठ-दहा मिनिटं मिळतात, आणि कामही बहुतेक अडवाअडवीचं. पण दोघांच्याही खात्यात सामना एकच लागतो. आठव्या क्रमांकावर शेवटच्या षटकात येणाऱ्या फलंदाजाच्या धावा सलामीवीराच्या धावांशी ताडून पाहाव्यात, तसला हा प्रकार.

आता सेंट लुईकडे. जन्म १९७५चा, मॉन्ट्रियलला लागून असलेल्या लवालचा. उंची पाच फूट आठ इंच, आणि त्या काळात निवड करणाऱ्यांची नजर उंचीवरच आधी जायची. त्याला ड्राफ्टमध्ये कोणीही घेतलं नाही. म्हणून तो तेव्हा कच्चा होता असं समजायचं का? १९९३ ते १९९७ या काळात व्हरमाँट विद्यापीठाकडून त्याने १३९ सामन्यांत २६७ पॉइंट केले, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ दोन. अमेरिकेतल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या होबी बेकर पुरस्काराच्या अंतिम फेरीत तो तीन वेळा होता. हा मुलगा विशीतच पुरता बहरलेला होता. ज्यांनी बघायला हवं होतं त्यांनी उशिरा बघितलं.

एनएचएलमध्ये त्याला पहिली संधी कॅलगरीने दिली, तीही खालच्या लाइनीत. दोन मोसमांत मिळून ६९ सामने, २० पॉइंट. २००० साली कोलंबस आणि मिनेसोटा हे दोन नवे संघ लीगमध्ये आले. त्यांच्यासाठी झालेल्या निवडीत कॅलगरीने त्याला राखून ठेवलं नाही, आणि त्या दोन्ही संघांनीही त्याला घेतलं नाही. शेवटी कॅलगरीने पैसे देऊन त्याचा करार संपवला आणि टॅम्पा बेने त्याला घेतलं. चार वर्षांनी, २००३-०४ मध्ये, त्याने ९४ पॉइंट करून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक आणि लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनले कपही त्याच मोसमात आले. अंतिम फेरीत समोर कॅलगरीच होतं. सहावा सामना कॅलगरीच्या रिंकवर दुसऱ्या जादा वेळेत गेला, आणि तो जिंकून देणारा गोल सेंट लुईचा होता.

त्याची बाजू घेणारेही इथे एक चूक करतात. ते म्हणतात, "कॅलगरीची वर्षं वाया गेली म्हणून सरासरी खाली आली, नाहीतर तो कुठल्या कुठे असता." गणित करून बघा. कॅलगरीचे ६९ सामने आणि २० पॉइंट वजा केले तर उरतात १,०६५ सामने आणि १,०१३ पॉइंट. सरासरी ०.९१ची ०.९५ होते. इतकाच फरक. ६९ सामने म्हणजे एकूण सामन्यांचा सहा टक्के हिस्सा, त्याने सरासरी कितीशी हलणार? उशिरा सुरुवात झाली की फटका बसतो तो एकूण पॉइंटना, कारण मोसमच हातचे जातात. सेंट लुईच्या बाबतीत तर हार्ट करंडक मिळाल्यानंतरचा २००४-०५चा अख्खा मोसम लीगच्या टाळेबंदीत रद्द झाला. पण सरासरी कमी दिसण्याचं कारण उशिरा येण्यात नाही.

ते कारण काळात आहे. १९८१-८२ मध्ये एनएचएलच्या एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल व्हायचे. २००३-०४ पर्यंत हा आकडा पाचाच्या थोडा वर, ५.१ इतका घसरला होता. गोलकीपरचं तंत्र बदललं, गुडघे बर्फाला टेकवून खालची जागा बंद करण्याची पद्धत सगळीकडे पसरली. त्यांचे पॅड मोठे झाले. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात पाचही जणांनी सापळा रचून बसण्याची बचावनीती रुजली, आणि समोरच्याला काठीने, हाताने अडकवून धरण्याकडे पंच काणाडोळा करू लागले. १९८१-८२ मध्ये ग्रेट्झ्कीने २१२ पॉइंट केले आणि शंभरी गाठणारे डझनभर होते. २००३-०४ मध्ये शंभरापर्यंत एकही जण पोहोचला नाही. सेंट लुईचे ९४ त्या मोसमात सगळ्यांत जास्त होते. गोलांच्या प्रमाणात हे ९४ पॉइंट १९८१-८२च्या मापात बसवले तर साधारण १४७ होतात. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा कळायला पुरेसा आहे: १९८१-८२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या बॉसीचे पॉइंट होते १४७. ०.९१ला १.५०च्या शेजारी उभं करून निकाल देणारे हा भाग सोडून देतात, आणि तेवढ्यानेच सगळं चित्र पालटतं.

दुसरं कारण म्हणजे खेळाडू थांबला कधी. बॉसीने पाठीच्या दुखण्यामुळे वयाच्या तिसाव्या वर्षी खेळ सोडला. १.३९ सरासरी असलेला बॉबी ऑर हा डिफेन्समन गुडघ्यांमुळे तिशीतच थांबला. उतरतीचा काळ त्यांच्या हिशेबात आलाच नाही. तो काळ शरीराने त्यांच्याकडून हिरावून घेतला, यात त्यांचा काही दोष नाही. पण त्यांची सरासरी वाचताना हे लक्षात ठेवायलाच हवं. लेम्यूचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. १९९७ साली तो पहिल्यांदा निवृत्त झाला तेव्हा त्याचे ७४५ सामन्यांत १,४९४ पॉइंट होते, सरासरी २.०१, म्हणजे ग्रेट्झ्कीच्या अंतिम सरासरीच्याही वर. पुढे तो परत आला, आणखी १७० सामने खेळला, आणि सरासरी १.८८वर आली. परत आला म्हणून तो कमी दर्जाचा खेळाडू ठरला का? सेंट लुई एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला आणि न्यूयॉर्क रेंजर्सकडच्या शेवटच्या ९३ सामन्यांत त्याने ६० पॉइंट केले. २००२-०३ ते २०१२-१३ या त्याच्या दहा मोसमांचा वेगळा हिशेब काढला तर ७७९ सामने, ८१७ पॉइंट, सरासरी १.०५ मिळते, आणि तीही गोलांच्या दुष्काळात. सोयीचे मोसम निवडून कोणालाही मोठं करता येतं हे मला मान्य आहे. म्हणूनच ज्याच्याशी तुलना करायची त्याचेही सर्वोत्तम दहा मोसम काढावेत. एकाची उमेद आणि दुसऱ्याची उतरती शेजारी ठेवू नये.

तरीही कोणाला केवळ कच्च्या सरासरीवरच बोलायचं असेल, तर त्यांनी ॲडम ओट्सचं काय करायचं ते सांगावं. त्यालाही ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही. रेन्सलिअर या अभियांत्रिकीसाठी प्रसिद्ध संस्थेच्या संघातून तो तेविसाव्या वर्षी एनएचएलमध्ये आला आणि १,३३७ सामन्यांत १,४२० पॉइंट करून थांबला. सरासरी १.०६. गॉर्डी हाऊची कारकिर्दीची सरासरी आहे १.०५. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीत वाढलेला जो मलनही असाच न निवडलेला, पंचविशीच्या सुमारास स्थिरावलेला. त्याचे १,०६२ सामन्यांत १,०६३ पॉइंट. न निवडलेला म्हणजे दुय्यम, हे ठामपणे सांगणाऱ्यांच्या तोंडी ही दोन नावं क्वचित येतात. फिल एस्पोझिटो तर एकाच कारकिर्दीत तीन वेगळे खेळाडू वाटावा: शिकागोत सामन्यामागे ०.७४, पंचविसाव्या वर्षी बॉस्टनला गेल्यावर १.६२, उतारवयात रेंजर्सकडे ०.९६. बॉस्टनमध्ये सोबतीला बॉबी ऑर होता.

आणि मुळात उशीर म्हणायचं तरी कशाला? ब्रँडर, ईगन आणि येउंग या तिघांनी २०१४ साली वयाचा एनएचएलमधल्या कामगिरीवर होणारा परिणाम तपासून शोधनिबंध लिहिला. त्यात फॉरवर्ड खेळाडूंचा सर्वोत्तम काळ २७ ते २८ या वयात येतो असं दिसलं. हार्ट करंडक मिळाला तेव्हा सेंट लुई २८ वर्षांचा होता. म्हणजे तो अगदी वेळेवर होता.

बाकीचे गैरसमज या मानाने किरकोळ आहेत.

"तिशी ओलांडली की संपलं." त्याच निबंधानुसार फॉरवर्ड ३२व्या वर्षापर्यंत आपल्या सर्वोत्तम कामगिरीच्या किमान नव्वद टक्क्यांवर राहतात. त्यापुढचे अपवाद, पण किती मोठे: जॉनी ब्युसिकने ३५व्या वर्षी ५१ गोल केले, हाऊने चाळिशीत एका मोसमात १०३ पॉइंट केले, आणि सेंट लुईने ३७व्या वर्षी पुन्हा लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. या वयात तो मिळवणारा तोवर कोणीच नव्हता.

"पीटर स्तास्नी आणि सर्गेई मकारोव हेही उशिरा बहरलेलेच." अजिबात नाही. स्तास्नी १९८० साली चेकोस्लोव्हाकियातून पळून आला आणि चोविसाव्या वर्षी पहिल्याच मोसमात त्याने १०९ पॉइंट केले. मकारोवला सोव्हिएत व्यवस्थेने १९८९ पर्यंत सोडलं नाही. त्याला ३१व्या वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक मिळाला, आणि त्यानंतर लीगने नवोदितांसाठी २६ वर्षांची अट घातली. दोघंही आधीच जगातल्या उत्तम खेळाडूंत मोजले जात होते. फक्त सीमा बंद होत्या.

"गोलकीपर लवकर चमकला नाही तर त्याचा नाद सोडावा." डोमिनिक हाशेक १९८३च्या ड्राफ्टमध्ये १९९वा होता. सर्वोत्तम गोलकीपरचा व्हेझिना करंडक त्याला पहिल्यांदा २९व्या वर्षी मिळाला, आणि पुढे आणखी पाच वेळा.

"मग कधीही सुरुवात केली तरी चालतं, चिकाटी हवी." हा उलट्या बाजूचा गैरसमज, आणि प्रेरणादायी भाषणांत तो फार वापरला जातो. सेंट लुई, ओट्स, मलन हे तिघंही लहानपणापासून हॉकी खेळत होते आणि महाविद्यालयात पॉइंटांचा पाऊस पाडत होते. त्यांनी सुरुवात उशिरा केलेली नव्हती.

शेवटचा गैरसमज आपल्या घरांत जास्त ऐकू येतो, म्हणून त्यावर दोन वाक्यं जास्त. "दहाव्या-बाराव्या वर्षी वरच्या संघात निवड झाली नाही, म्हणजे मुलात दम नाही." कॅनडात वयोगट कॅलेंडरच्या वर्षावर ठरतात. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमध्ये जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही दोघं एकाच गटात येतात, आणि त्या वयात एका वर्षाने उंचीत, ताकदीत बराच फरक पडतो. डीनर, लोवेन आणि कोब्ली यांनी २०१३ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात एनएचएल ड्राफ्टचा अभ्यास मांडला. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या खेळाडूंना त्यांच्या पुढच्या कामगिरीचा विचार करता चाळीसहून अधिक क्रमांक उशिरा निवडलं गेलं होतं. निवडले गेल्यावर मात्र ४०० सामने किंवा २०० पॉइंटांचा टप्पा गाठण्याची त्यांची शक्यता जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. ही चूक पूर्णवेळ पगारी निवड करणाऱ्यांची आहे, तीही अठरा वर्षांच्या खेळाडूंबाबत. दहा वर्षांच्या मुलांच्या ट्रायआउटमध्ये ती व्हायला कितीतरी जास्त वाव आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव यादीत नसेल, तर आईबापांनी यादीतली मुलं बहुतेक कोणत्या महिन्यांतली आहेत ते आधी पाहावं, आणि पुढच्या मोसमाची नोंदणी करून टाकावी.